आल्टोत प्रॉबॅबिलिस्टिक मशीन लर्निंगमध्ये पीएचडी करायचीय? कुठून सुरुवात करायची ते पायरी पायरीने

फिनलंडला आल्टो युनिव्हर्सिटीत प्रॉबॅबिलिस्टिक मशीन लर्निंगवर काम करायला यायचंय म्हणणाऱ्या मुलामुलींचे प्रश्न साधारण सारखेच असतात, पायटॉर्च किती यायला पाहिजे, सीजीपीए किती लागतो, प्रोफेसरला मेल कधी टाकायचा, वगैरे. त्यातलं काही खाली येईलच. पण त्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या कारण सगळी तयारी तिच्यावरच उभी आहे. इथे तुम्ही एखादा रिझल्ट दाखवलात की पहिला प्रश्न येतो तो असा, की हे तू किती खात्रीने म्हणतोयस आणि ती खात्री तपासलीस कशी? ॲक्युरसी वगैरे नंतर. मॉडेलने उत्तर द्यायचं, त्या उत्तराबद्दल आपल्याला किती खात्री आहे तेही त्यानेच सांगायचं, आणि ती सांगितलेली खात्री खरी आहे का हे तुम्ही तपासायचं. तुमचा बहुतेक वेळ या शेवटच्या कामात जाणार आहे. ते ज्याला मनापासून आवडतं त्याने जरूर यावं, त्याच्यासाठी याहून चांगल्या जागा जगात थोड्याच असतील असं मला वाटतं.

आधी जागा समजून घ्या. आल्टो युनिव्हर्सिटी २०१० मध्ये तीन जुन्या संस्था एकत्र करून झाली, त्यातली हेलसिंकी युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजी ही एस्पो शहरात ओटानिएमी नावाच्या भागात होती आणि आजही कॉम्प्युटर सायन्स डिपार्टमेंट तिथेच आहे. मशीन लर्निंग इथे आत्ताचं फॅड म्हणून आलेलं नाही, तेउवो कोहोनेन यांनी सेल्फ ऑर्गनायझिंग मॅप १९८२ मध्ये याच कॅम्पसवरून मांडला, आणि आज इथे प्रोफेसर असलेले सामुएल कास्की हे त्यांच्याच हाताखाली तयार झालेले. प्रॉबॅबिलिस्टिक मशीन लर्निंगचा "ग्रुप" म्हणजे एक खोली आणि एक बॉस असं चित्र डोळ्यासमोर आणू नका. कास्कींकडे माणूस आणि मॉडेल यांनी मिळून निर्णय कसे घ्यायचे, पुढचा प्रयोग कुठला करायचा, औषधांचं डिझाइन असे विषय आहेत, अकी वेहतारी यांच्याकडे बेजियन मॉडेल (आधीचा अंदाज डेटा बघून सुधारणारं मॉडेल) तपासणं आणि निवडणं, आर्नो सोलिन यांच्याकडे गॉसियन प्रोसेस आणि अनिश्चितता सांगू शकणारी डीप मॉडेल्स, पेक्का मार्टिनेन यांच्याकडे आरोग्याचा डेटा, आणि इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या बाजूला सिमो सार्का यांच्याकडे फिल्टरिंग, म्हणजे गोंगाटातून खरा संकेत काढणं. शिवाय २०१८ पासून फिनिश सेंटर फॉर आर्टिफिशियल इंटेलिजन्स आहे, त्यात आल्टो, हेलसिंकी युनिव्हर्सिटी आणि व्हीटीटी ही सरकारी संशोधन संस्था एकत्र आहेत, त्यामुळे तुमचा गाइड एकीकडे, सहलेखक दुसरीकडे आणि सेमिनार तिसरीकडे असं सर्रास चालतं.

पायरी १: गणित, पण नेमकं कुठलं

सगळं गणित येत नाही म्हणून घाबरू नका. लिनियर अल्जिब्रात मॅट्रिक्सचं इन्व्हर्स आणि चोलेस्की (मॅट्रिक्स फोडायची एक रीत) का लागतं ते कळलं पाहिजे, कॅल्क्युलसमध्ये व्हेरिएबल बदलताना जेकोबियन का येतो ते कळलं पाहिजे, आणि प्रॉबॅबिलिटीत जॉइंट, मार्जिनल, कंडिशनल या तिघांत हात इतका बसला पाहिजे की कागद न घेता बोलता येईल. बस. मेझर थिअरी पुढे लागली तर शिकता येते. इंजिनिअरिंगला आपल्याकडे एम-३ एम-४ मध्ये प्रॉबॅबिलिटी शेवटच्या युनिटमध्ये येते आणि बरेच जण ते युनिट ऑप्शनला टाकतात, तसं केलं असेल तर ते युनिट आता परत नीट करा, सूत्रं पाठ करून नाही तर प्रत्येक डिस्ट्रिब्युशनमधून दहा हजार आकडे काढून हिस्टोग्राम बघत बघत करा. हे खरंच कामाला येतं, कारण इथे पुढे सगळी अनिश्चितता अशा आकड्यांच्या ढिगातूनच वाचायची असते.

पायरी २: वेहतारींचा कोर्स घरबसल्या करा

माझ्या मते अख्ख्या तयारीतली सगळ्यात मोलाची पायरी ही. अकी वेहतारी आल्टोत बेजियन डेटा ॲनालिसिस शिकवतात आणि त्याची लेक्चर्स, स्लाइड्स, असाइनमेंट सगळं नेटवर फुकट आहे. कोर्सचं पुस्तक त्याच नावाचं, वेहतारी त्याच्या लेखकांपैकी एक, तिसरी आवृत्ती २०१३ ची, आणि तिची पीडीएफही खाजगी वापरासाठी मोफत ठेवलेली आहे. कोर्स मुख्यतः आर या प्रोग्रॅमिंग भाषेत चालतो. पायथॉनवाल्यांनो नाक मुरडू नका, लागतं तेवढं आर पटकन येतं.

लेक्चर बघून सोडून देऊ नका, असाइनमेंट सोडवा. सुरुवात किती साधी आहे बघा, फिनलंडमधल्या तलाव आणि नद्यांवरच्या २७४ ठिकाणी शेवाळ आहे की नाही एवढाच डेटा, शून्य किंवा एक, आणि विचारलंय की शेवाळ असण्याचं प्रमाण किती. बारावीचं पोरही भागाकार करून उत्तर देईल. पण इथे प्रायर (डेटा बघायच्या आधीचा अंदाज) घ्यायचा, पोस्टिरियर (डेटा बघून सुधारलेला अंदाज) काढायचा, इंटरव्हल (उत्तर कुठून कुठपर्यंत असू शकतं) सांगायचा, आणि मग प्रायर बदलून बघायचं की उत्तर किती हललं. हे शेवटचं बघायचं बहुतेक लोक टाळतात, तुम्ही टाळू नका. पुढे एक बायोअसे येतो, औषधाचे चार डोस, प्रत्येक डोसला पाच प्राणी, म्हणजे अख्खा डेटा वीस प्राण्यांचा, आणि त्यातून विचारायचं की अर्धे प्राणी मरतील असा डोस कुठला. इतक्या कमी डेटातून एकच आकडा सांगणं किती धोक्याचं आहे ते तिथे हाताला जाणवतं.

आणि मग फॅक्टरीचा डेटा येतो, तो मला फार आवडतो. सहा मशीन, प्रत्येकाची पाच मापं. प्रत्येक मशीनचं वेगळं मॉडेल करा, मग सगळी मशीन सारखीच समजून एक मॉडेल करा, मग हायरार्किकल करा म्हणजे मशीन वेगवेगळी आहेत पण एकाच फॅक्टरीतली आहेत असं धरा. आता विचारलं जातं की उद्या सातवं मशीन आणलं तर त्याची मापं कशी असतील? वेगवेगळ्या मॉडेलकडे त्या मशीनबद्दल बोलायला काहीच नाही. सगळं एकत्र केलेलं मॉडेल गरजेपेक्षा जास्त ठामपणे बोलतं. हायरार्किकल मॉडेल उत्तर देतं आणि त्यातली अनिश्चितता मोठी आहे हेही सांगतं. ही तीन उत्तरं एका पानावर काढून शेजारी शेजारी ठेवा आणि हा ग्रुप नेमकं काय करतो ते तुम्हाला कोणी न सांगता कळेल.

उत्तरं मात्र गिटहबवर टाकू नका, पुढच्या मुलांना तेच सोडवायचं असतं.

पायरी ३: एक छोटं मॉडेल शेवटपर्यंत न्या, आपल्या मातीतलं

बहुतेक अर्जांमध्ये प्रोजेक्टची मोठी यादी असते आणि प्रत्येक प्रोजेक्ट "९८ टक्के ॲक्युरसी" वर थांबतो. त्यापेक्षा एकच प्रोजेक्ट करा पण सगळ्या तपासण्यांसकट करा. मी सुचवेन महाराष्ट्रातल्या तालुक्यांचा पाऊस, कारण तो आपल्याला कळतो, आणि मॉडेल कुठे खोटं बोलतंय हे आपल्याला डेटाच्या आधीच जाणवतं.

साधन म्हणून स्टॅन ही बेजियन मॉडेल लिहायची भाषा घ्या, किंवा थेट स्टॅन लिहायला जड वाटत असेल तर बीआरएमएस घ्या, ते पॅकेज लिहिणारे पॉल बर्कनर काही काळ आल्टोतच पोस्टडॉक होते. पायथॉनमध्येच राहायचं असेल तर पायएमसी आणि आरविझ चालेल.

पहिल्यांदा डेटा न दाखवता फक्त प्रायरमधून पाऊस तयार करून बघा. माण तालुक्यात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि आंबोलीत साधारण सात हजार. तुमचा प्रायर जर माणमध्ये तीस हजार मिलिमीटर पाडत असेल किंवा लातूरला उणे दोनशे, तर चूक प्रायरमध्ये आहे आणि ती डेटा येण्याआधीच दिसली, हाच त्या तपासणीचा उपयोग. उणे पाऊस दिसला म्हणजे नॉर्मल डिस्ट्रिब्युशन इथे बसत नाही, लॉग घ्या किंवा गॅमा घ्या.

मग मॉडेल चालवा. स्टॅन आपोआप चार चेन चालवतो, म्हणजे पोस्टिरियरमधून आकडे काढणाऱ्या चार स्वतंत्र फेऱ्या, प्रत्येकीत १,००० वॉर्मअप (सुरुवातीचे, टाकून द्यायचे) आणि १,००० ड्रॉ (ठेवायचे आकडे), म्हणजे हातात ४,००० ड्रॉ येतात. आता रिझल्टकडे बघायच्या आधी तीन गोष्टी बघायच्या, हा क्रम कधीच मोडू नका. आर-हॅट, म्हणजे चारही चेन एकाच उत्तरावर आल्या का याचं माप, १.०१ च्या खाली आहे का? जुन्या पुस्तकांत १.१ चालतं असं लिहिलेलं सापडेल, पण २०२१ मध्ये वेहतारी, गेलमन, सिम्पसन, कार्पेंटर आणि बर्कनर यांनी आर-हॅट सुधारून मांडला आणि १.०१ सुचवला, इथे तोच धरतात. दुसरं, इफेक्टिव्ह सॅम्पल साइझ, म्हणजे हातातले ड्रॉ किती स्वतंत्र ड्रॉच्या तोडीचे आहेत, तो चार चेनला निदान ४०० हवा, आणि तो मध्याचा वेगळा आणि टोकांचा वेगळा बघायचा, कारण इंटरव्हल टोकांवरूनच काढतो ना आपण. तिसरं डायव्हर्जन्स. डायव्हर्जन्स आला म्हणजे सॅम्पलर पोस्टिरियरच्या एखाद्या अरुंद कोपऱ्यात शिरू शकला नाही, आणि हायरार्किकल मॉडेलमध्ये तो कोपरा बहुतेक वेळा तिथे असतो जिथे गटागटांतला फरक शून्याकडे जातो. अशा वेळी अडॅप्ट डेल्टा (सॅम्पलरला लहान पावलं टाकायला लावणारं सेटिंग) वाढवून वॉर्निंग गप्प करण्याचा मोह होतो, कधी कधी ते पुरतंही, पण आधी मॉडेल नॉन-सेंटर्ड पद्धतीने लिहून बघा, म्हणजे तालुक्याचा आकडा थेट न घेता सरासरी अधिक फरक गुणिले एक प्रमाणित नॉर्मल असा. कारण कळल्याशिवाय वॉर्निंग घालवणं ही सवय इथे फार महागात पडते.

आता खरी मजा. सगळे तालुके एकाच लोकसंख्येतले धरून हायरार्किकल मॉडेल केलंत आणि आंबोली ज्यात येते त्या सावंतवाडी तालुक्याची फक्त दोन-तीन वर्षांची नोंद असली, तर मॉडेल त्याचा पाऊस राज्याच्या सरासरीकडे ओढेल. गणित बरोबर आहे, पण घाट चढलेल्या कोणालाही कळेल की उत्तर चुकलंय. कारण घाटमाथा आणि पर्जन्यछाया हे एकमेकांच्या जागी ठेवता येत नाहीत, सह्याद्रीच्या कुठल्या बाजूला आहोत ही माहिती मॉडेलला दिलीच नव्हती. ती द्या, समुद्रापासूनचं अंतर द्या, उंची द्या, आणि मग बघा ओढ कशी बदलते. हे तपासायला लू नावाचं पॅकेज आहे, एकेक निरीक्षण बाजूला ठेवून बाकीच्यांवरून त्याचा अंदाज किती चांगला येतो ते मॉडेल पुन्हा न चालवता काढून देतं, आणि सोबत प्रत्येक निरीक्षणासाठी पारेटो के नावाचा आकडा देतं. तो ०.७ च्या वर गेला की त्या निरीक्षणापुरता हा शॉर्टकट विश्वासाचा नाही. तो आकडा ज्या गावांवर चढतो त्यांची यादी काढून नकाशावर ठेवा. पहिल्या मॉडेलमध्ये आंबोली-महाबळेश्वरसारखी गावं वर आली आणि दुसऱ्यात खाली बसली, तर मॉडेलला कुठली माहिती कमी पडत होती ते तुम्ही पुराव्यानिशी दाखवलंत. दोन मॉडेलची तुलना करताना लूच्या आकड्यातला फरक ४ पेक्षा कमी असला तर "माझं मॉडेल जिंकलं" म्हणू नका, तो फरक छोटाच धरतात.

शेवटी आकडे लिहिताना जरा थांबा. पावसाची सरासरी ६४३.२८१७ असं लिहिलंत तर कोणीतरी नक्की विचारेल की दशांशानंतरचे चार आकडे कशाच्या जोरावर? माँटे कार्लो एरर (मोजकेच ड्रॉ काढल्याने उत्तरात येणारी चूक) किती आहे ते बघा आणि पुन्हा चालवलं तरी बदलणार नाहीत एवढेच आकडे लिहा. बारीक गोष्ट वाटते पण इथे यावरून माणसाची पारख होते, आणि मला ती योग्यच वाटते.

पायरी ४: गॉसियन प्रोसेसची तोंडओळख

सोलिन किंवा सार्का यांच्याकडे यायचं असेल तर हे हवंच, बाकीच्यांनाही उपयोगी. थोडक्यात सांगायचं तर आकड्यांवर प्रायर ठेवण्याऐवजी अख्ख्या फंक्शनवर प्रायर ठेवायचा. डेटा असतो तिथे अनिश्चिततेचा पट्टा अरुंद होतो, डेटापासून दूर गेलं की रुंद. अडचण खर्चाची आहे, n बिंदू असले की n गुणिले n मॅट्रिक्स सोडवावी लागते आणि काम n च्या घनाने वाढतं. दहा हजार बिंदू म्हणजे मॅट्रिक्समध्ये दहा कोटी आकडे, नुसती साठवायलाच ८०० एमबी. म्हणून गॉसियन प्रोसेसला थोड्या बेसिस फंक्शनच्या बेरजेत बसवायच्या पद्धती निघाल्या, त्यातली एक सोलिन आणि सार्का यांचीच आहे आणि ती बीआरएमएसमधून एका ओळीत वापरता येते. पावसाच्या प्रोजेक्टमध्ये वर्षागणिक बदल बसवायला हीच वापरून बघा.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. यादृच्छिक फंक्शनला अशा बेरजेत मोडायचं, जिथे प्रत्येक तुकड्याचा गुणक एकमेकांशी असंबद्ध असतो, ही मूळ कल्पना आपल्या दामोदर धर्मानंद कोसंबींनी १९४३ मध्ये छापली, तेव्हा ते पुण्यात फर्ग्युसन कॉलेजला गणित शिकवत होते. त्यानंतर काही वर्षांनी फिनलंडचे कारी कारहुनेन आणि फ्रेंच गणिती मिशेल लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे तेच मांडलं आणि जगभर त्या दोघांचंच नाव चालत राहिलं, आता काही ठिकाणी कोसंबी-कारहुनेन-लोएव्ह असं लिहितात. आपण कोसंबींना इतिहासकार म्हणून वाचतो, पण गोव्यात जन्मलेल्या आणि पुण्यात शिकवणाऱ्या या माणसाचं गणित आणि एका फिनिश माणसाचं गणित इथे ओटानिएमीत रोज वापरात आहे हे मला फार जवळचं वाटतं. तुमच्या प्रेझेंटेशनमध्ये ते सूत्र आलं तर तिन्ही नावं लिहा.

पायरी ५: अर्ज

फिनलंडमध्ये पीएचडी ही बहुतेक वेळा पगारी नोकरी असते, कॉन्ट्रॅक्ट असतं, आणि डॉक्टरेटला फी नाही. मास्टर्सला मात्र युरोपियन युनियनबाहेरच्यांना फी आहे, स्कॉलरशिप बघून ठेवा. पीएचडीच्या जागा डिपार्टमेंटच्या आणि फिनिश सेंटरच्या जाहिरातीतून येतात, शिवाय एलिस नावाचं युरोपभरचं जाळं आहे त्यांचा पीएचडी कॉल दरवर्षी शरद ऋतूत निघतो. उन्हाळी इंटर्नशिपच्या जाहिराती हिवाळ्यात येतात, म्हणजे आपल्याकडे संक्रांतीच्या आसपास लक्ष ठेवा.

मेल लिहिताना आदरणीय सर, युवर एस्टीम्ड ग्रुप वगैरे काही नको. इथे प्रोफेसरला पहिल्या नावाने हाक मारतात आणि त्यात कोणाचाही अपमान नसतो, सुरुवातीला आपल्या जिभेला जड जातं पण सवय होते. मेल सात-आठ ओळींचा ठेवा. त्यांच्या कुठल्या पेपरमधली कुठली आकृती तुम्ही पुन्हा चालवून बघितलीत, तुमच्या डेटावर काय वेगळं दिसलं, कोडची लिंक, आणि एक खरा प्रश्न ज्याचं उत्तर तुम्हाला सापडलेलं नाही. एवढंच. एकच मेल नाव बदलून वीस जणांना पाठवलेला लगेच ओळखू येतो.

मोटिव्हेशन लेटरमध्ये लहानपणापासून गणिताची आवड यावर परिच्छेद घालवू नका. पायरी ३ चा प्रोजेक्ट सांगा, त्यात कुठली तपासणी नापास झाली आणि मग तुम्ही काय बदललंत ते सांगा. नापास झालेली तपासणी लपवण्याची गरज नाही, उलट ती वाचणाऱ्याला तुमच्याबद्दल सगळ्यात जास्त सांगते.

पायरी ६: येणं आणि बस्तान

रेसिडन्स परमिटचा अर्ज मिग्री या खात्याकडे ऑनलाइन, कागद जमले की त्याच दिवशी टाका. घरासाठी होआस ही विद्यार्थ्यांना घरं देणारी संस्था आणि विद्यार्थी संघटना एवायवाय यांच्याकडे लगेच नाव घाला, रांग लांब असते. आल्यावर डीव्हीव्ही या लोकसंख्या नोंदणीच्या खात्याकडे नोंदणी, बँक, टॅक्स कार्ड, या क्रमाने. मेट्रो थेट कॅम्पसखाली येते, स्टेशनचं नावच आल्टो युनिव्हर्सिटी. डिसेंबरात दिवस सहा तासांहून लहान होतो, तेव्हा दुपारी जेवणानंतर उजेडात चालून यायची सवय ऑक्टोबरपासूनच लावा, हे मी अगदी कळकळीने सांगतोय.

पायरी ७: पहिले काही महिने

पहिल्या आठवड्यात ट्रायटनचं अकाउंट मागा. ट्रायटन म्हणजे आल्टोचं कॉम्प्युटिंग क्लस्टर, काम स्लर्मच्या रांगेतून जातं. लॉगिन नोडवर मॉडेल चालवू नका, सगळ्यांचं काम अडतं. एकाच मॉडेलची शंभर सिम्युलेशन्स हवी असतील तर ॲरे जॉब (एकाच आज्ञेने अनेक कामं रांगेत टाकणं) शिका, आणि प्रत्येकाचा रँडम सीड लिहून ठेवा. क्लस्टरची माहिती नेटवर सगळ्यांना खुली आहे, भारतात असतानाच वाचून येता येते. आणि एक सोय अशी आहे की मला वाटतं प्रत्येक युनिव्हर्सिटीत असावी: रोज कामाच्या दिवशी दुपारी १ वाजता झूमवर "गॅरेज" भरतं, तिथे सायंटिफिक कॉम्प्युटिंगची माणसं बसलेली असतात आणि कुठलाही कोडचा प्रश्न घेऊन जाता येतं. तीन दिवस एकट्याने झगडण्यात काही शौर्य नाही, गॅरेजला जा. ट्रायटन अपुरं पडलं तर देशाचं केंद्र सीएससी आहे आणि कायानी गावात ल्युमी हा सुपरकॉम्प्युटर आहे, पण सुरुवातीला त्याची गरज पडणार नाही.

ग्रुप मीटिंगमध्ये पहिल्यांदा बोलायची पाळी आली की चाळीस स्लाइड्स करू नका. एक आकृती आणि एक प्रश्न घेऊन जा, आकृतीवर अनिश्चितता दिसलीच पाहिजे, नुसत्या बिंदूंचा आलेख दाखवलात तर चर्चा तिथेच अडकेल. बोलून झाल्यावर शांतता पसरली तर हबकू नका. फिनिश लोक विचार करतात तेव्हा गप्प बसतात, त्यात नाराजी नसते, आणि ती शांतता भरायला आपण घाईघाईने बोलायला लागलो की समोरच्याचा प्रश्न बुडतो. कळलं नाही तर कळलं नाही म्हणा, आपल्याकडे वर्गात हे म्हणायला भीती वाटते, इथे कोणी हसत नाही, आणि पहिल्या वर्षात तर हे म्हणायचा तुम्हाला हक्कच आहे. गाइडबरोबरच्या मीटिंगच्या आदल्या दिवशी दोन ओळींचा मेसेज टाका, काय केलं आणि कुठे अडलंय.

पेपर वाचताना ॲबस्ट्रॅक्टनंतर थेट हे शोधा की अनिश्चितता कुठून आली. माँटे कार्लोने काढली, व्हेरिएशनल अंदाजाने, लाप्लासने, की आधीच शिकवून ठेवलेल्या नेटवर्कने? प्रत्येकाची चुकायची तऱ्हा वेगळी. नेहमीची व्हेरिएशनल पद्धत पट्टा खूपदा गरजेपेक्षा अरुंद दाखवते, मग लेखकांनी ते तपासलंय का? मॉडेलने ९० टक्के खात्रीने सांगितलेल्या गोष्टी खरंच शंभरात नव्वद वेळा खऱ्या ठरल्या का, असा आलेख दिलाय का? आणि ही अनिश्चितता डेटा वाढवला की कमी होणारी आहे की मुळातच गोंगाट आहे म्हणून राहणारी, हे वेगळं केलंय का? हे प्रश्न लिहून भिंतीवर लावा, आठवड्याला दोन पेपर असे नीट वाचलेत तरी पुष्कळ आहे.

स्वतःची नवी पद्धत काढलीत तर आधी सिम्युलेटेड डेटावर चालवा जिथे खरं उत्तर तुम्हाला माहीत आहे. प्रायरमधून पॅरामीटर काढा, त्यातून डेटा बनवा, त्यावर पद्धत चालवा, आणि खरा पॅरामीटर पोस्टिरियरच्या ड्रॉमध्ये कितव्या क्रमांकावर पडतो ते नोंदवा. हे शेकडो वेळा केलं की क्रमांकांचा हिस्टोग्राम सपाट यायला हवा. मधे फुगला तर तुमची पद्धत उगाच जास्त घाबरते, दोन्ही कडांना उंच झाला तर उगाच जास्त ठाम आहे. खऱ्या डेटाकडे त्याआधी जाऊ नका.

पायरी ८: थीसिस आणि पेपर

थीसिस बहुतेक लेखांचा संग्रह असतो, साधारण तीन ते पाच पेपर आणि पुढे एक सारांश, अवधी चार वर्षांचा धरतात. शेवटी जाहीर डिफेन्स, बाहेरून आलेला ऑपोनंट सगळ्यांसमोर प्रश्न विचारतो, आईबाबा भारतातून येऊन मागच्या रांगेत बसू शकतात. टेक्नॉलॉजीच्या डॉक्टरांना समारंभात उंच टोपी आणि तलवार मिळते. पण तिथवरचा रस्ता एकेका पेपरचा आहे म्हणून पहिल्या पेपरबद्दल एवढं सांगतो. विषय लहान निवडा आणि पद्धत कुठे चालत नाही त्यावर एक भाग प्रामाणिकपणे लिहा, रिव्ह्युअर तो शोधणारच असतात, तुम्हीच आधी सांगितलंत तर चर्चा पुढे जाते. सहलेखक कोण आणि कुठल्या क्रमाने हे सुरुवातीलाच विचारून घ्या, इथे ते विचारणं अजिबात उद्धटपणाचं नाही.

कोड पहिल्या दिवसापासून गिटमध्ये ठेवा, पॅकेजांच्या आवृत्त्या लिहून ठेवा. आणि सबमिट करायच्या दोन दिवस आधी रिपो एका नव्या फोल्डरमध्ये क्लोन करून, शक्यतो दुसऱ्याच्या मशीनवर, सगळ्या आकृत्या सुरुवातीपासून पुन्हा काढा. आकडे शेवटच्या दशांशापर्यंत जुळणार नाहीत, सीड आणि मशीन बदललं की थोडं हलतंच, पण माँटे कार्लो एररच्या आत जुळले पाहिजेत. जुळले नाहीत तर पेपर तसाच ठेवा, गाइडला सांगा आणि फरक सापडेपर्यंत शोधा, डेडलाइन गेली तरी चालेल, पुढची कॉन्फरन्स काही महिन्यांत येतेच.